मेण वाचवायचं आहे

मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळात तुळजापूरच्या रस्त्यांवर भाविकांशिवाय फारसं कुणी दिसत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली असतात आणि सुट्टी लागलेली पोरं माझ्या संगणकाच्या क्लासमध्ये पंख्याखाली येऊन बसतात. घरच्यांनी त्यांना टायपिंग आणि टॅली शिकायला धाडलेलं असतं. तेवढं उरकलं की बाकीचा वेळ ‘द पावडर टॉय’चा.

हा खेळ फुकट मिळतो, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि जुन्या, रडतखडत चालणाऱ्या संगणकावरही तो बऱ्यापैकी पळतो. पडद्यावर ६१२ बाय ३८४ ठिपक्यांचं मैदान. त्यात वाळू, पाणी, दगड, काच, धातू, लाव्हा, हवे ते कण टाकायचे. प्रत्येक कणाला स्वतःचं तापमान असतं, हवेला दाब असतो. खेळात जिंकणं-हरणं नाही, त्यामुळे डाव आपणच मांडायचा.

आमचा डाव असा: डावीकडे ‘क्लोन’ नावाचा घटक, त्यातून प्लाझ्मा अखंड सुटतोय. या खेळात तापमानाची वरची मर्यादा ९,७२५ अंश सेल्सिअस आहे आणि प्लाझ्मा जन्मतो तोच त्या तापमानाला. उजवीकडे मेणाची वडी. हे मेण ४५ अंशांच्या आसपास वितळतं. मध्ये थोडी जागा, तिथे प्रत्येकाने आपापलं कवच बांधायचं. मेण जास्तीत जास्त वेळ टिकवणारा जिंकला. कण गिळून टाकणारे ‘व्हॉइड’सारखे घटक वापरायला बंदी, कारण ते वापरले की डावात रामच उरत नाही.

गेल्या काही उन्हाळ्यांत हा डाव खेळताना आणि पोरांना खेळवताना जे हाती लागलं, ते क्रमाने मांडतो. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. पत्र्याखाली राहणाऱ्यांना तर नक्कीच.

१. आधी विचारा: किती वेळ?

कवच म्हटलं की पहिला विचार जाडीचा येतो. ‘सर, अजून दोन थर लावू का?’ यावर माझा ठरलेला प्रश्न: किती वेळ टिकवायचंय? खेळ सेकंदाला ६० फ्रेम या गतीने चालतो. दहा सेकंदांचं कवच आणि दहा मिनिटांचं कवच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका बाजूने उष्णता येतच राहिली, तर ती वाहून नेणारा कुठलाही थर शेवटी पलीकडून तापणारच. थर वाढवून तो क्षण फक्त पुढे ढकलता येतो. पण बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

१८ डिसेंबर २०१४ ला इस्रोने जीएसएलव्ही मार्क-३ च्या पहिल्या प्रायोगिक उड्डाणात ३,७३५ किलोची मानवरहित कुपी १२६ किलोमीटर उंचीवर सोडली आणि ती बंगालच्या उपसागरातून सुखरूप उचलून आणली. वातावरणात शिरताना तिला भाजणारा काळ काही मिनिटांचा होता. तेवढी मिनिटं निभावली की खाली समुद्र आहेच. जगातल्या अशा प्रत्येक कवचाच्या आराखड्यात तापमानाइतकाच घड्याळाचा विचार असतो.

आमच्या भागातल्या जुन्या माळवदांचंही तेच गणित. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर दीड-दोन फूट मातीचा थर आणि पाणी मुरू नये म्हणून वरून पांढरी माती. दुपारचं ऊन त्या थरात शिरतं खरं, पण खालच्या खोलीत त्याची धग पोचायला रात्र होते. तोवर घरातली माणसं अंथरुणं घेऊन वर माळवदावर निजायला गेलेली असतात आणि मातीही वरच्या अंगाने निवायला लागलेली असते. रोज मावळणाऱ्या उन्हासाठी बेतलेलं हे कवच आहे. सूर्य मावळलाच नसता, तर माळवदाचीही भट्टी झाली असती. पत्रा यातला एक तासही देत नाही. त्याच्यावर ऊन पडलं की खाली लगेच वर्दी येते.

म्हणून कवच बांधण्याआधी झोत किती वेळ चालणार ते कागदावर लिहा. मग जाडी आपोआप ठरते.

२. भिंत टिकली म्हणजे घर वाचलं असं नाही

नवं पोरगं हमखास हिऱ्याची भिंत बांधतं. त्याचं चुकतं असंही नाही, कारण खेळातला हिरा कितीही तापवला तरी वितळत नाही आणि कितीही दाब दिला तरी फुटत नाही. प्लाझ्मा आदळतो, भिंत जशीच्या तशी उभी राहते, आणि तिच्यामागे चिकटून ठेवलेलं मेण बघता बघता वाहून जातं. ‘सर, भिंतीला तर काहीच झालं नाही की!’

झालं नाही, कारण तिने सगळी उष्णता पुढे ढकलून दिली. इथे खेळाने निसर्गाचीच री ओढली आहे. खरा हिरा तांब्याच्या चार-पाच पट चांगला उष्णतावाहक असतो. टिकणं हा एक गुण, अडवणं हा दुसरा, आणि एकाच द्रव्यात दोन्ही सापडणं दुर्मीळ. खेळातला धातू १,००० अंशांना वितळतो आणि उष्णता झपाट्याने नेतो, म्हणजे दोन्हींत नापास. क्वार्ट्झ बराच उशिरा वितळतो आणि उष्णता फार सावकाश नेतो, म्हणून आमच्याकडे त्याला भाव. एक सवय लावून घ्यावी: कवच तपासताना नजर कवचावर ठेवायचीच नाही. कर्सर मेणावर न्यायचा. वरच्या कोपऱ्यात त्या कणाचं तापमान दिसतं, तोच काय तो निकाल.

३. आपण ज्या जगात बांधतो, त्याचे नियम आधी पाहा

पावडर टॉयमध्ये उष्णता कशी सरकते हे एकदा समजून घेतलं की निम्मी कोडी सुटतात. प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक कणाची सोडत निघते. चांगल्या वाहकाचा नंबर जवळजवळ दर वेळी लागतो, मंद वाहकाचा क्वचित आणि ‘इन्सुलेटर’चा कधीच नाही. नंबर लागलेला कण आपल्या आठ शेजाऱ्यांबरोबर तापमानाची सरासरी करून टाकतो. झालं, एवढाच नियम.

या नियमात वजन नाही. वाफेचा एक ठिपका आणि टंगस्टनचा एक ठिपका सरासरीत सारखेच धरले जातात. खऱ्या जगात तसं होत नाही. मे महिन्यात मंदिराच्या पायऱ्या अनवाणी उतरताना हे तळपायाला नीट कळतं. एकाच उन्हात तापलेल्या दगडावर पाय टेकवत नाही, आणि शेजारी काथ्याची चटई असेल तर तिच्यावर उभं राहता येतं. तापमानात म्हणावा तसा फरक नसतो. दगडात उष्णतेचा साठा मोठा असतो आणि तो पायात भराभर उतरतो.

पाण्याच्या बाबतीत तर खेळ आणि निसर्ग यांची पार फारकत होते. शून्य अंशाचं एक किलो पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ४२० किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल, म्हणजे पाचपटीहून जास्त. या सुप्त उष्णतेमुळेच पाणी हा आगीचा खरा वैरी ठरतो. खेळात मात्र नेहमीच्या रूपात हा हिशेब धरलेला नाही. पाणी १०० अंशांना पोचलं की वाफ झालं, वर एक पैचाही भुर्दंड नाही. त्यामुळे खेळात पाण्याची भिंत बांधणाऱ्याच्या पदरी निराशा येते आणि तो ‘पाण्याने काही होत नाही’ असं म्हणत उठतो. पाण्याचा यात काही दोष नाही. या खेळाच्या जगात पाण्याची ताकदच काढून घेतलेली आहे.

खऱ्या रॉकेट इंजिनात उलट चित्र दिसतं. क्रायोजेनिक इंजिनाच्या ज्वलनकक्षाच्या भिंतीत बारीक वाहिन्या असतात आणि त्यांतून उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आधी फिरवला जातो. भिंतीची उष्णता घेऊन तो स्वतः गरम होतो आणि मग जळायला आत जातो. इस्रोच्या अशा इंजिनांच्या ज्वलनकक्षांचं काम मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात होतं. वाहत्या द्रवाने भिंत थंड ठेवायची ही युक्ती खेळात करून पाहायला हरकत नाही, पण तिच्यावरून खऱ्या इंजिनाबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

४. पोकळी हा सगळ्यात स्वस्त थर, आणि सगळ्यात फसवाही

उष्णता आठ शेजाऱ्यांकडेच सरकते म्हटल्यावर चलाख पोरांना उत्तर लगेच सापडतं. कवच आणि मेण यांच्यात एक ठिपका जागा मोकळी सोडा. शेजारीच नसेल तर उष्णता देणार कुणाला? एका ओळीच्या पोकळीने मेण वाचतं. कवच लालभडक होऊन चमकत राहतं आणि मेण २२ अंशांवर निवांत.

मग मी ‘ॲम्बियंट हीट’ चालू करायला सांगतो. हा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला की हवासुद्धा तापते, वर चढते आणि फटीतून पलीकडे जाते. एका ठिपक्याच्या पोकळीचा चमत्कार तिथेच संपतो. आणि खेळात नसलेली एक गोष्ट खऱ्या जगात असते. तापलेली वस्तू निर्वातातूनही प्रारणाने उष्णता फेकते. सूर्य आणि तुळजापूर यांच्यामध्ये १५ कोटी किलोमीटरची पोकळी आहे. ती असूनही मे महिना काही टळत नाही.

म्हणून खऱ्या कवचात पोकळीच्या जोडीला परावर्तन लागतं. नासाच्या पार्कर यानाचं कवच सुमारे साडेअकरा सेंटिमीटर जाडीचं आहे. दोन कार्बन पत्र्यांमध्ये कार्बनचा फेस भरलेला, त्यात ९७ टक्के नुसती पोकळी, आणि सूर्याकडच्या तोंडाला पांढरा सिरॅमिक लेप. समोरची बाजू १,३७० अंशांच्या घरात जाते, तेव्हा सावलीतली उपकरणं ३० अंशांच्या आसपास असतात. अडीच मीटरच्या आतबाहेर व्यासाच्या या कवचाचं वजन जेमतेम ७३ किलो. आपल्याकडे पुण्याच्या ‘आयुका’ने आदित्य-एल१ साठी ‘सूट’ ही दुर्बीण तयार केली. तिच्या तोंडाशीच एक औष्णिक गाळणी आहे आणि ती सूर्यप्रकाशाचा बहुतेक सगळा भार दारातूनच परत पाठवते. उष्णता आत घेऊन मग तिची विल्हेवाट लावत बसण्यापेक्षा तिला आत न घेणं केव्हाही स्वस्त. पत्र्यावर पांढरा रंग मारण्यामागे हेच शास्त्र आहे.

५. द्रव्यांइतकाच थरांचा क्रम महत्त्वाचा

‘इन्सुलेटर’ उष्णता अजिबात नेत नाही हे कळल्यावर पुढचा डाव ठरलेला असतो: सगळं कवच त्याचंच बांधायचं. पण खेळातला इन्सुलेटर जळतो. प्लाझ्माचा झोत त्याला थेट लागला की तो पेट घेतो आणि भोकं पडत जातात. तो निरुपयोगी मुळीच नाही, फक्त त्याची जागा पुढे नाही.

आमच्याकडे बऱ्याच भांडणांनंतर जो क्रम रूढ झाला तो असा. सगळ्यात पुढे मार खाणारा थर, सिरॅमिक किंवा क्वार्ट्झचा. त्यामागे इन्सुलेटर, ज्याला ज्वाळा कधीच दिसू नये. त्याच्याही मागे, मेणाच्या अंगाला, धातूचा एक पातळ पत्रा. या शेवटच्या पत्र्याचं लोकांना नवल वाटतं, कारण धातू तर उष्णता नेतो. तिथे तो तेवढ्यासाठीच असतो. पुढच्या थरातून एखाद्या ठिकाणी धग आत आलीच, तर धातू ती एका जागी साचू न देता सगळीकडे पसरवतो. एका ठिपक्याला २०० अंश मिळाले तर मेणाला भोक पडतं. तीच उष्णता सगळ्या पत्र्यावर वाटली गेली तर मेणाला पत्ताही लागत नाही.

खऱ्या यानांतही एकच द्रव्य सगळीकडे वापरत नाहीत. जानेवारी २००७ मध्ये इस्रोने पृथ्वीवर परत आणलेल्या एसआरई-१ कुपीच्या नाकाशी कार्बन-फिनॉलिकचं जळत जाणारं कवच होतं, तर तुलनेने कमी तापणाऱ्या अंगावर सिलिकाच्या फरशा. जिथे जसा मार, तिथे तसं द्रव्य.

६. काही भाग गमावण्यासाठीच असतो

हा धडा पोरांच्या गळी उतरायला सगळ्यात अवघड. आपण बांधलेलं झिजताना, वितळताना पाहवत नाही. पण झिजणं हेच अनेक कवचांचं काम असतं. वरचा थर वितळतो, जळतो, उडून जातो, आणि जाताना आपल्यातली उष्णता घेऊन जातो.

याचं टोकाचं उदाहरण गुरू ग्रहावरचं. ७ डिसेंबर १९९५ ला गॅलिलिओ मोहिमेची एक कुपी सेकंदाला ४७ किलोमीटरच्या वेगाने गुरूच्या वातावरणात शिरली. ३३९ किलोच्या त्या कुपीत १५२ किलो नुसतं कवच होतं आणि त्यातलं सुमारे ८० किलो उतरताना जळून गेलं. आतली उपकरणं मात्र त्यानंतर जवळपास तासभर माहिती पाठवत राहिली. ते ८० किलो वाया गेले असं कोण म्हणेल?

खेळात हे साधायचं तर वितळलेल्या थराला वाट द्यावी लागते. दहावीतल्या एका मुलीने हे सगळ्यात आधी हेरलं. बाकीच्यांच्या भिंती सरळ उभ्या होत्या. दगड वितळून त्याचा लाव्हा व्हायचा आणि तो तिथेच भिंतीच्या पायथ्याशी साचून मागच्या थराला भाजत राहायचा. तिने पुढचा दगडी थर तिरपा घेतला, वर मेणाकडे झुकलेला आणि खाली झोताकडे सरकलेला, आणि पायथ्याशी खड्डा ठेवला. मग तिने स्पेसबारने खेळ थांबवला आणि ‘एफ’ दाबत एकेक फ्रेम पुढे नेली. दगडाचा वरचा ठिपका नारिंगी झाला, सुटला, उतारावरून दोन घरं घरंगळला, आणि त्याच्या जागी खालचा थंड दगड उघडा पडला. उष्णता-दर्शक रंगांत बघितलं तर खड्डा गुलाबी, पण मेणाकडची बाजू अजून निळीच. ती एवढंच म्हणाली, ‘घाण खाली गेली पाहिजे, सर.’ यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

इथे एक इशारा. खऱ्या यानाचं नाक तिरपं किंवा टोकदार नसतं, बोथट असतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ज्युलियन ॲलन यांनी दाखवून दिलं की बोथट तोंडापुढे हवेची एक दाबलाट उभी राहते आणि बरीचशी उष्णता यानाला न लागता हवेतच राहते. पावडर टॉयमध्ये तसा प्रचंड वेग नाही, तशी दाबलाटही नाही. म्हणून इथला उतार इथेच ठेवावा.

७. मधल्या भागापेक्षा सांध्यांकडे बघा

कवच बहुधा मध्यभागी हरत नाही. ते हरतं कडेला, कोपऱ्यात, जोडावर. खेळात घन थर टेकूशिवायही अधांतरी राहतो, तरी पोकळी सोडलेलं कवच पडेल या धास्तीने कुणीतरी धातूचा एक टेकू लावतो, एका ठिपक्याच्या रुंदीचा. तेवढा पूल उष्णतेला पुरतो. ती त्यावरून मागे येते आणि मेण नेमकं टेकूच्या टोकाशी पाझरायला लागतं. टेकू लागणारच असेल तर तो इन्सुलेटरचा घ्या आणि झोतापासून आडोशाला ठेवा. कडांना कवच थोडं मागे वळवा, म्हणजे वळसा घालून येणारा प्लाझ्मा मेणापर्यंत पोचणार नाही.

कल्पना चावला यांच्या शेवटच्या मोहिमेची गोष्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, पण तिचं कारण फार थोड्यांना नीट माहीत असतं. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडत असताना इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. पोटाखालच्या हजारो फरशा जागच्या जागी होत्या, भोक पडलं होतं ते पंखाच्या कडेला. १ फेब्रुवारीला परतताना तिथून तप्त वायू पंखात शिरले आणि सातही अंतराळवीर गेले.

८. दाबाला विसरू नका

उष्णतेच्या मागोमाग दाब येतो. खेळात प्लाझ्मा कोंडला की हवेचा दाब चढतो, आणि दाब अचानक बदलला की काच आणि क्वार्ट्झ तडकून त्यांचा चुरा होतो. विटाही एका मर्यादेपुढे फुटून दगडाची भुकटी होते. उष्णतेला पुरून उरलेलं कवच अशा वेळी दाबाने कोसळतं. शिवाय बहुतेक घन पदार्थांतून हवेचा दाब आरपार जातो. टायटॅनियम मात्र तो अडवतं. त्यामुळे नाजूक थराच्या आडोशाला टायटॅनियमची एक रांग, आणि झोताच्या बाजूला वायू निसटायला मोकळी वाट, एवढी तजवीज असावी.

वायूला वाट न मिळाल्याचा अनुभव नासालाही आला. डिसेंबर २०२२ मध्ये चंद्राला वळसा घालून परतलेल्या आर्टेमिस-१ च्या ओरायन कुपीच्या कवचातून जळालेल्या थराचे तुकडे अनपेक्षितपणे निखळले होते. शोध घेतल्यावर दिसलं की थराच्या आत तयार झालेला वायू बाहेर पडायला पुरेशी सच्छिद्रता नव्हती. तो आत कोंडला आणि त्याने थराला तडे पाडले.

९. कवचाचं ओझं कुणाच्या डोक्यावर, ते बघा

मैदान मोठं आहे म्हणून पोरं अर्धा पडदा भरून कवच बांधायची. मग मी ठिपक्यांचं बंधन घातलं: ठरावीक जागेत, ठरावीक ठिपक्यांत काय ते करा. डाव त्या दिवसापासून रंगला. जाडीच्या जोरावर कुणीही जिंकेल. रॉकेटवर मात्र कवचाचा प्रत्येक किलो वर न्यावा लागतो आणि तेवढंच काहीतरी खाली ठेवावं लागतं.

आमच्या जिल्ह्याला हे रॉकेटशिवायच कळलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला काही मिनिटं बाकी. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भूकंपाने कोसळली. सरकारी आकड्यांनुसारच जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंप ६.२ च्या घरातला. जगात याहून मोठे भूकंप यापेक्षा कमी बळी घेऊन गेले आहेत. इथे जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांच्यावरच्या टनावारी मातीने. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर नीट तोललेला होता, त्यांतली काही छतं भिंती ढासळल्यावरही उभी राहिली.

म्हणजे उन्हापासून राखणारा तोच थर त्या पहाटे अंगावर आला. त्यानंतर लोकांनी माळवदाचा धसका घेतला आणि पत्रा व स्लॅब जवळ केले. त्यांचं मुळीच चुकलं नाही, पण उन्हाळा त्यांच्या घरात शिरला तो कायमचा. माळवद चांगलं की पत्रा, असा वाद मी क्लासमध्ये होऊ देत नाही. प्रश्न असा विचारायचा: तेवढाच उशीर कमी वजनात कसा मिळेल? पांढरा रंग, पत्र्याखाली छताची दुसरी हलकी पातळी, दोन्हींच्या मधून वाहती हवा, हे सगळं त्या प्रश्नाचं उत्तर आहे. पार्करचा ९७ टक्के पोकळ फेसही त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त महाग.

१०. एका वेळी एकच गोष्ट बदला

थोडक्यात सांगतो. जाडी, द्रव्य आणि उतार तिन्ही एकदम बदलले आणि मेण टिकलं, तर ते कशामुळे टिकलं हे कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येक रचना वेगळ्या नावाने साठवून ठेवा. तोच झोत, तेच अंतर, तीच वडी. आणि एकच डाव पुन्हा चालवून बघा. उष्णता सरकण्याची सोडत निघते म्हटल्यावर निकाल दर वेळी थोडा इकडेतिकडे होणारच. एकदा जिंकलेलं कवच चांगलं असेलच असं नाही, वारंवार जिंकणारं कवच चांगलं.

११. झोत बंद झाला म्हणजे डाव संपला नाही

आमच्या डावात सुरुवातीला प्लाझ्मा बंद होताच पोरं टाळ्या वाजवायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की टाळ्या संपल्यावरही मेणाचं तापमान चढतंय. झोत गेला होता, पण कवचात मुरलेली उष्णता अजून आत सरकतच होती. जितकं जाड कवच, तितका तिचा साठा मोठा. शेवटी मेण वितळलं ते झोताने नव्हे, त्याला वाचवणाऱ्या कवचानेच.

म्हणून काम झालं की कवच दूर करावं लागतं. सोयूझ कुपी जमिनीवर टेकण्याआधीच आपलं तळाचं कवच टाकून देते. मंगळावर उतरणाऱ्या गाड्या पॅराशूट उघडल्यावर कवच सोडून मोकळ्या होतात. आणि कवच सुटलंच नाही तर काय होतं, हे ३१ ऑगस्ट २०१७ ला साऱ्या देशाने थेट प्रक्षेपणात पाहिलं. पीएसएलव्ही-सी३९ रॉकेट व्यवस्थित उडालं. चढताना हवेच्या घर्षणापासून आयआरएनएसएस-१एच या दिशादर्शक उपग्रहाला जपणारं कवच काही मिनिटांनी गळून पडायला हवं होतं, ते पडलं नाही. त्याच्या ओझ्याने रॉकेट हव्या त्या कक्षेत पोचलं नाही आणि उपग्रह सुटला तोही कवचाच्या आतच. उपग्रहाला उष्णतेची झळ लागली नव्हती, पण मोहीम हातची गेली.

आता आमच्या डावाचा नियम बदलला आहे. प्लाझ्मा बंद केल्यावर घड्याळ थांबवायचं नाही. झोत चालला असेल तेवढाच वेळ पुढेही मोजायचा, आणि तोवर मेण घट्ट असेल तरच गुण. हुशार पोरं आता आराखड्यातच कवच आणि मेण यांच्यामधला टेकू असा ठेवतात, की झोत थांबता थांबता तो वितळावा आणि त्यावर टेकलेली दगडाच्या भुकटीची तापलेली भिंत आपल्या वजनाने खड्ड्यात जाऊन पडावी. तो टेकू नेमका कितव्या फ्रेमला सुटावा यावर सध्या क्लासमध्ये कडाक्याचं भांडण चालू आहे, आणि टॅलीचा धडा तिथेच अडकला आहे.